मानलेला मॅक

माझ्या लग्नाची पत्रिका काकांनी मला परत पाठवली होती. पाकिटावर त्यांचं ते छापल्यासारखं अक्षर, आत आमचीच पत्रिका आणि तिच्यावर लाल पेन्सिलीच्या तीन खुणा. 'आशिर्वाद'चा शि त्यांनी दीर्घ केला होता, 'उपस्थीती'तली थी ऱ्हस्व केली होती, आणि माझ्या सासऱ्यांच्या नावाआधी दोनदा पडलेला 'श्री.' एकदाच ठेवला होता. खाली लिहिलं होतं, 'उभयतांना शुभाशीर्वाद. पुढच्या वेळी छापण्याआधी प्रूफ दाखवावे.' ते 'पुढच्या वेळी' वाचून सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

काकांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पुढच्या वेळी म्हणजे घरातलं पुढचं कार्य, मुंज, बारसं, जे असेल ते. कर्वेनगरातल्या कितीतरी घरांत त्यांनी अशा पत्रिका परत पाठवल्या होत्या. काही लोक त्यामुळे त्यांना लग्नाला बोलावत नसत. शहाणे लोक आधीच मजकूर दाखवून न्यायचे आणि मग बोलवायचे.

ते माझे घरमालक. मी अचलपूरची, हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर म्हणून नुकतीच लागलेली. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि वर त्याचेच शिव्याशाप खायचे. वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं म्हणून गेले. पुण्यात खोली मागायला गेलं की जात, जेवण, पाहुणे आणि परत येण्याची वेळ या चार गोष्टी विचारतात हे मला मैत्रिणींनी पढवून ठेवलं होतं. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. एक छापील कागद आणि पेन्सिल पुढे ठेवली.

"यात सात चुका आहेत. काढा."

मी घाम पुसत तीन काढल्या. त्यांनी कागद घेतला नाही. मी धरला होता तसाच, समोरून, त्यांच्या बाजूने उलटा, वाचला.

"चार सुटल्या," ते म्हणाले. "पण नसलेली एकही काढली नाहीत. खोली बघून घ्या."

उलटं वाचणं ही त्यांची करामत नव्हती, सवय होती. काका मुळात जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी रचायच्या, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर बारीक टाइपात 'अक्षरजुळणी' असं लिहिलेलं असतं आणि ते कुणीही वाचत नाही, ते हे काम. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ओळही उलटीच वाचावी लागते. त्यामुळे बसमध्ये समोरच्याच्या हातातला पेपर काका आरामात वाचत, आणि समोरच्याने पान उलटलं की "थांबा जरा" म्हणत. काकू त्याच छापखान्यात फर्म्यांना, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालायला होत्या आणि अधूनमधून प्रूफ तपासताना मूळ प्रत मोठ्याने वाचायलाही बसत. दोघांचं तिथेच जमलं. "यांचं पहिल्याच प्रुफात जुळलेलं एवढं एकच," असं काकू मला सांगत, आणि काका ऐकू आलं नाही असं दाखवत.

बोलण्यात काका सगळ्यांना 'आपण' म्हणत. काकूंना आपण, दूधवाल्याला आपण, आणि मला, तेवीस वर्षांच्या पोरीला, "अहो इंजिनीयरीणबाई, आपण". त्या आदराचा फायदा असा की त्यांनी केलेला अपमान आपल्याला जिना चढून वर गेल्यावर कळायचा.

खोलीत राहायला गेल्यावर महिन्याभराने काकूंना कपाट आवरायला मदत करत होते. काकूंच्या शालूच्या घडीत काहीतरी जड लागलं. बघते तर कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क, वर मऊ पंचा गुंडाळलेला.

"हे काय?"

"अक्षरं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. कॉम्प्युटर आले आणि छापखाना बंद पडला. शिसं वितळवायला गेलं. जाण्याआधी काकांनी पंधरा दिवस बसून प्रत्येक खिळ्याचा एकेक ठसा कागदावर उमटवून घेतला, अगदी झिजलेल्या जोडाक्षरांचासुद्धा. चाळिशी उलटल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. मालकाच्या पुतण्याने डीटीपीचं ऑफिस काढलं होतं, तिथे मॅक नावाचा महागडा कॉम्प्युटर होता. दिवसभर लोकांची हँडबिलं करायची आणि ऑफिस सुटलं की तासभर त्या मॅकवर आपली अक्षरं गिरवायची. ठशावरून एकेक अक्षर, एकेक वळण. असं दहा वर्षं चाललं. पुढे ते ऑफिसही बंद झालं, तेव्हा पुतण्याने तो म्हातारा मॅक काकांना देऊन टाकला. ठशांचे कागद माळ्यावर होते, ते वाळवीने खाल्ले. म्हणजे ती अक्षरं आता जगात फक्त त्या मॅकमध्ये होती, आणि एका दुपारी मॅकमधून फट् असा आवाज आला.

डिस्क वाचली होती. दुरुस्तीवाल्याने ती नेली, आपल्या विंडोजच्या यंत्राला जोडली आणि सगळ्या फाइली सीडीवर उतरवून दिल्या. नावं होती, आकार सगळ्यांचा शून्य. मॅकवरच्या जुन्या फाँटची फाइल आतून दोन भागांची असते. विंडोजला त्यातला एकच दिसतो, आणि तो रिकामा असतो. हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. "काका, तुमचा डेटा गेला," असं सांगून तो मोकळा झाला. वर असंही म्हणाला, की डिस्क आतून टकटक करतेय, आता फार तर एक-दोनदा चालेल.

"त्या दिवसापासून यांनी पेन्सिलीला टोक काढलेलं नाही," काकू म्हणाल्या. मला त्या वाक्याने फार वाईट वाटलं. पत्रिका दुरुस्त करणारा तो माणूस बोथट पेन्सिलीने करत होता, हे मी रोज बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

मी लगेच काकांकडे गेले. "काका, फाइली गेलेल्या नाहीत. त्या डिस्कवर आहेत, फक्त मॅकवरच उघडायला हव्यात. आमच्या ऑफिसात दोन मॅक आहेत. मी सकाळी नेते, संध्याकाळी आणून देते."

"मागच्या वेळी ती घराबाहेर गेली, तेव्हा शून्य होऊन आली," काका म्हणाले. "आता ती उंबरा ओलांडणार नाही. आणि समजा उघडल्या, तर पुढे काय? माझी अजून चाळीस जोडाक्षरं काढायची आहेत. ती काढायला रोज आपल्या ऑफिसात येऊ?"

नवा मॅक त्यांच्या आवाक्यातला नव्हता. पण साधे सुटे भाग आणून बांधलेल्या पीसीवर मॅकची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चालवणारे लोक जगात आहेत, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. ही प्रणाली कंपनीने स्वतःच्याच यंत्रासाठी घडवलेली. परक्या यंत्रावर ती चालवायची तर त्यातला प्रत्येक भाग तिला ओळखीचा वाटावा लागतो. एक जरी अनोळखी निघाला तरी ती हटून बसते. मी हे भीत भीत सांगितलं. कंपनीला ते मान्य नसतं हेही सांगितलं.

काकांनी विचार केला. "म्हणजे रक्ताचा नाही, मानलेला मॅक," ते म्हणाले. "बघू."

दोन अटी घातल्या. प्रणालीची तबकडी रीतसर विकत आणायची, कुणाची उतरवून घ्यायची नाही. आणि काम फक्त रविवारी, सकाळी दहा ते एक, खिडकीच्या उजेडात. दिव्याखाली डोळा खोटं बोलतो असं त्यांचं मत होतं. त्या तीन तासांत काकांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा असे आणि खिशाला पेन.

भाग आणायला आम्ही कॉम्प्युटरच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. कुठला बोर्ड घ्यावा, कुठलं ग्राफिक्स कार्ड, याची माहिती मी इंटरनेटवरच्या उद्योगी लोकांच्या चर्चांमधून काढली होती, आणि काकांनी ती स्वच्छ अक्षरात वहीत उतरवून घेतली होती. दुकानदाराने वही न बघताच एक खोका पुढे सरकवला.

"काका, हा घेऊन जा बिनधास्त. सगळं चालतं याच्यावर."

"चालतं नको," काका म्हणाले. "जुळतं का ते सांगा."

"एकच की ते!"

"दुसऱ्याची चप्पल घालूनही माणूस चालतो."

"काका, तुम्ही माल घ्यायला आलाय का माझी परीक्षा घ्यायला?"

"परीक्षा झाली," काका म्हणाले आणि वळले. मी त्या दुकानदाराकडे बघून ओशाळवाणं हसले. पाचव्या दुकानात आम्हाला वहीतला नेमका बोर्ड मिळाला. तो सापडल्यावर काकांनी खोक्यावरचा प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला आणि खोक्यावरच्या इंग्रजीतली एक चूक दुकानदाराला दाखवून दिली. त्याने काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती कोण जाणे.

मग सुरू झाले आमचे रविवार. त्या वेळी मॅकच्या प्रणालीच्या आवृत्त्यांना वाघ-बिबट्यांची नावं असत. आमची होती हिमालयातल्या बिबट्याची. मी जिना उतरले की काकू विचारायच्या, "काय गं, आज येतोय का बिबट्या घरात?"

पहिल्या रविवारी तो दारापर्यंतसुद्धा आला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी सरसर धावल्या आणि एका ओळीशी येऊन थांबल्या. मग तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"मूळ डिस्कची, म्हणजे याला बसवलेल्या नव्या डिस्कची, अजून वाट बघतोय, म्हणतंय."

"डिस्क तर शेजारी बसली आहे."

"हो, पण त्याला ती दिसत नाहीये."

आतून काकूंचा आवाज आला, "चहा टाकतेय. वाट बघणाऱ्यालाही हवा का विचारा."

ते कोडं दुसऱ्या रविवारी सुटलं. बोर्डाच्या मूळ मांडणीत डिस्कशी बोलण्याची पद्धत जुनी लावलेली होती, ती नवी केली आणि वाट बघणं संपलं. मी आनंदाने टाळी वाजवली. तेवढ्यात पडद्यावर वरून खाली एक करडी छाया उतरत आली आणि मधोमध एक चौकोन उमटला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल, असं त्यात चार भाषांमध्ये लिहिलं होतं. मी कपाळावर हात मारला. काका खुर्चीतून उठून अगदी जवळ गेले आणि तो मजकूर निरखत उभे राहिले.

"चार भाषांत नकार, आणि त्यात मराठी नाही," ते म्हणाले. "ओळींमधलं अंतर मात्र छान ठेवलंय."

असे पाच-सहा रविवार गेले. आवाज जुळला. नेटवर्क काही जुळेना, म्हणून दुसरं कार्ड आणलं. एकेक भाग जुळला की काका वहीत त्याच्या नावापुढे बारीक टिंब देत. शेवटी एक दिवस प्रणाली पूर्ण सुरू झाली, खाली चित्रांची ओळ आली, बाण हलायला लागला. मला वाटलं, जिंकलो.

"काका, चाललं ना जी!" आनंदात माझं अचलपूर बाहेर आलं.

काका बघत राहिले. "अक्षरं जाडी झाली आहेत," ते म्हणाले.

खरं होतं ते. ग्राफिक्स कार्डाची ओळख पटली नव्हती, म्हणून यंत्राने काहीतरी वेळ मारून नेणारं चित्र लावलं होतं. मॉनिटर रुंद आणि चित्र अरुंद, ते ताणून बसवलेलं. सगळं आडवं पसरलेलं. शिवाय अर्ध्या-पाऊण तासात यंत्र कधीही जागच्या जागी थिजायचं.

"तेवढं होणारच," मी म्हणाले. "चालतंय तर खरं. आता डिस्क जोडू."

"चालतंय. जुळलेलं नाही."

"काका, ती डिस्क मरायला टेकली आहे. उद्या तीच गेली तर तुमचं हे जुळणं काय चाटायचंय?"

"आणि आज जोडली, आणि फाइली निघता निघता हे थिजलं, तर?" काका शांतपणे म्हणाले. "आपल्याकडे एकच फेरी आहे. आणि इथे वर्तुळ काढलं तर अंडं दिसतं. मी या पडद्यावर ळ काढू? ळचं काय होईल?"

मला राग आला. सहा रविवार मी झोप, सिनेमा, मैत्रिणी सोडून त्या खिडकीशी बसले होते आणि या माणसाला ळची पडली होती. "तुम्हाला अक्षरं नकोच आहेत," मी म्हणाले, "तुम्हाला चुका हव्या आहेत!" आणि वर निघून गेले. पुढचे दोन रविवार मी खाली उतरले नाही. काकांनी बोलावलं नाही. तिसऱ्या आठवड्यात दाराखालून एक कागद आत सरकला. त्यावर लिहिलं होतं, 'मूळ प्रत व प्रूफ ताडून पाहायचे राहिले आहे. रविवारी दहाला यावे. वाचन काकू करतील.'

'मूळ प्रत' म्हणजे काय ते सांगायला हवं. ते ग्राफिक्स कार्ड ओळखू यावं म्हणून प्रणालीच्या एका फाइलमध्ये त्याची ओळख लिहावी लागते. चारशेच्या आसपास अक्षरं, सलग, न थांबता. त्यात शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजीतली ए ते एफ एवढीच अक्षरं. कुठल्यातरी दूरदेशीच्या माणसाने नेमक्या आमच्याच कार्डासाठी ती लांबलचक ओळख इंटरनेटवर टाकली होती, पण मजकूर म्हणून नाही, पडद्याचा फोटो म्हणून. तो फोटो मी ऑफिसात छापून आणला होता, आणि त्यावरून सगळं हाताने टाइप केलं होतं.

"मी ते तीनदा तपासलंय," रविवारी गेल्या गेल्या मी सांगितलं. राग पूर्ण गेला नव्हता.

"आपणच लिहिलं आणि आपणच तपासलं," काका म्हणाले. "म्हणजे तपासलंच नाही."

हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी ऑफिसात आठवड्यातून पाच वेळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना ऐकवत होते. त्याचे मला पैसे मिळत होते.

काकांनी ती फाइल पडद्यावर मोठ्या अक्षरांत उघडायला लावली. मग सतरंजीची चौपदरी घडी करून टेबलावर ठेवली, मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला आणि त्या घडीवर डोक्यावर उभा केला. पाय वर, पडदा उलटा. काकूंनी छापील कागद घेतला आणि तोही उलटा धरला.

"हे काय चाललंय?" मी म्हणाले.

"सुलट धरलं की आपण वाचतो," काका म्हणाले. "वाचायचं नसतं. बघायचं असतं. अर्थ लागला की चूक दिसेनाशी होते."

"पण काका, याला अर्थच नाहीये. नुसते आकडे आहेत."

"आपल्याला आहे. पुढे काय येणार ते आपल्याला माहीत आहे, म्हणून आपल्याला तेच दिसतं."

दोघं समोरासमोर बसली. काकू शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करून एकेक उच्चारत मागे येऊ लागल्या आणि काका पडद्यावर पेन्सिलीचं मागचं टोक टेकवत पुढे सरकू लागले. "शून्य." "हूं." "सी." "हूं." "चार." "हूं." काकूंचा आवाज एका लयीत, ना चढ ना उतार. वीस वर्षांपूर्वी ही दोघं अशीच बसत असणार, मधे गॅलीप्रूफ ठेवून. मला तिथे काही काम नव्हतं. मी शेंगा सोलत बसले.

साडेअकरा वाजून गेले असतील.

"आठ," काकू म्हणाल्या.

काकांचं 'हूं' आलं नाही.

"बी," ते म्हणाले.

"आठ आहे हो."

"इथे बी आहे."

"पाठ गोल आहे याची. आठ."

"इथे पाठ सरळ आहे."

मी उठून धावले. कागदावर अक्षर पुसट होतं, मला ते कित्येक दिवस बीच दिसत आलं होतं. काकांनी कागद सुलट केला आणि खिशातलं भिंग काढून त्यावर ठेवलं. डाव्या अंगाला, मधोमध, कंबरेत एक बारीकशी खाच होती. बीला ती असत नाही. आणि त्या ओळखीत आठही चालतो, बीही चालतो, म्हणून यंत्राने एकदाही तक्रार केली नव्हती. चूक होती, पण बेकायदा नव्हती.

"इंजिनीयरीणबाई," काका म्हणाले, "आपण बी कुठून आणलीत?"

मी चुका शोधण्याच्या नोकरीत होते, आणि दोन महिने जिने आम्हाला अडवलं ती चूक माझी होती. पण खरं सांगते, मला लाज वाटली नाही. मला नाचावंसं वाटलं. मी मॉनिटर सुलट करायचीही वाट न बघता, मान वाकडी करून, ती बी खोडली आणि आठ लिहिला.

यंत्र पुन्हा सुरू केलं. करडा पडदा आला, जरा जास्तच वेळ राहिला. काकूंनी माझं मनगट धरलं होतं. मग पडदा एकदम या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला, स्वच्छ, रेखीव, आणि सगळी अक्षरं आपल्या अंगाने सडपातळ उभी राहिली. "आला गं बिबट्या!" काकू ओरडल्या. मीही ओरडले. काकांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं, पडद्यावर एक वर्तुळ काढायला लावलं आणि खिशातून छापखान्यातली पितळी पट्टी काढली. आडवं मोजलं. उभं मोजलं. पुन्हा आडवं मोजलं.

"तासभर चालू ठेवा," ते म्हणाले.

तो तास मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही तिघं त्या यंत्राकडे बघत बसलो होतो. एक वाजून गेला, काकांची वेळ संपली, तरी ते उठले नाहीत. यंत्र थिजलं नाही. मग काकांनी वहीत शेवटचं टिंब दिलं आणि काकूंना म्हणाले, "आणा."

काकूंनी शालूच्या घडीतून डिस्क आणली. मी ती बाहेरून जोडायच्या खोक्यात बसवून यंत्राला जोडली. आतून टक असा आवाज आला. मग टक टक. मग लांबलचक घरघर, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिचं चित्र उगवलं. फाइलींची यादी उघडली. मी नावांकडे बघितलंच नाही, फक्त आकाराचा रकाना बघितला.

"काका, शून्य नाही! एकही शून्य नाही!"

"उतरवून घ्या आधी," काका म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

फाइली किती उतरल्या ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी भरत गेली. मधे एकदा ती अडली, डिस्क खरखरली, काकूंनी डोळे मिटले, आणि पट्टी पुन्हा चालू लागली. सगळं नव्या डिस्कवर उतरलं. त्यानंतर पाचेक मिनिटांत जुन्या डिस्कचा आवाज आपोआप मंद होत थांबला. ती पुन्हा कधीच चालली नाही. तिने जेवढं करायचं होतं तेवढं केलं होतं.

फाँट काढण्याचा जुना प्रोग्रॅमही तिच्यातूनच उतरला होता. तो उघडला तशी चौकटी-चौकटींतून अक्षरं भरत आली. अ, आ, मग क, ख. शिसं वितळून गेलेलं, कागद वाळवीने खाल्लेले, आणि ती सगळी तिथे होती, काळीभोर, भरल्या अंगाची, एकाही पुस्तकात आता न दिसणारी. ळ होता. दोन्ही वाट्या सारख्या, मधे सुईच्या टोकाएवढी जागा. मला अक्षरांतलं काही कळत नाही, पण तो ळ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठी हा माणूस अडून बसला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

काकांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि यादीत खाली, अगदी खाली गेले. तिथे एक चौकट उघडली. 'द्ध' होता, अर्धवट. द पूर्ण होता, त्याच्या पोटात ध शिरायला निघालेला आणि वाटेतच तुटलेला. रेघेचं टोक मोकळं लोंबत होतं. मॅकमधून फट् असा आवाज आला त्या दुपारी ते इथवर आले होते.

मी अजून त्यांच्या खुर्चीत बसले होते. कौतुकाचे दोन शब्द येतील म्हणून वाट बघत असेन बहुधा.

"इंजिनीयरीणबाई," काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "आता उठा. मला काम आहे."

मी उठले. इतक्या आनंदाने मला आजवर कुणी हाकललेलं नाही. आत काकूंनी शिऱ्याची ताटली माझ्या हातात दिली आणि दुसरी, काकांची, ओट्यावरच झाकून ठेवली.

"त्यांना बोलावत नाही?" मी विचारलं.

काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. बाहेरच्या खोलीतून माउसचा आवाज येत होता. एक टिचकी, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक.

"आले कामावर," काकू म्हणाल्या.